धुणार कोण?

आमच्या माळ्यावर खताच्या गोणीत 101 ताटं बांधून ठेवलेली आहेत. जाड स्टीलची, काठ वळवलेली. प्रत्येकाच्या काठावर टिंबाटिंबांनी आजोबांचं नाव. भांड्यांच्या दुकानात मशीनने टर्र टर्र नाव घालताना ‘स्मरणार्थ’वरचा रफार राहिला, तो 101 वेळा राहिला. वर्षश्राद्धाला वाटून उरलेली ही ताटं.

यंदा घरात साखरपुडा निघाला, तीनशे पानांचा. मी म्हटलं, ही ताटं काढू, बाकीची भावकीतून गोळा करू, युज अँड थ्रो नको. मी सोयरीकच मोडायला निघालोय असा गलका झाला.

पहिले उठले अण्णा. “तीनशे ताटं घासायला पाणी किती लागंल, हिशोब केलाय का?” हे बोलत होते तेव्हा त्यांच्या पाठीमागे उसाच्या सरीत मोकळं पाणी चाललं होतं, आणि दारं धरायला बसवलेला गडी बांधावर झोपला होता. सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यात भर मे महिन्यात कुणी हा प्रश्न विचारला तर मी गप्प बसेन. निरा डाव्या कालव्यावरच्या माळेगाव बुद्रुकात तो विचारायचा असेल, तर आधी उसापाशी विचारावा. आणि नळ सोडून घासलं तर पाणी जाणारच. खरकटं पुसून, राखेने चोळून, दोन घंगाळांत बुचकळलेल्या ताटाला असं कितीसं पाणी लागतं? कागदाचं ताट बनतानाही पाणी लागतंच, ते आपल्या मोरीतून वाहत नाही एवढंच.

मग दाजी. दाजींचा मुद्दा वजनदार होता. “बगॅसची ताटं आणू. आपल्याच उसाची. जेवलं की उकिरड्यावर टाकायचं, खत!” ऊसवाल्या गावात याला उत्तर देणं म्हणजे घरभेदीपणा, तरी देतो. शिवनगरला कारखान्याच्या गव्हाणीत 100 टन ऊस पडला की 28 ते 30 टन बगॅस निघतं. तो काही कचरा नाही. तेच बॉयलरमध्ये जळतं, त्याच्याच वाफेवर रस आटतो, विजेची टर्बाईन फिरते. म्हणजे ते कारखान्याचं सरपण आहे. त्याचं ताट करायचं तर ते शिजवून लगदा करा, साच्यात दाबा, तापवून वाळवा, प्लॅस्टिकच्या वेष्टनात बांधा, ट्रकने आणा, आणि दहा मिनिटं त्यात जेवा. थर्माकोलपेक्षा बरं, हे मी एका दमात मान्य करतो. पण उकिरड्याची गोष्ट खोटी आहे. लग्नातली ताटं उरलेल्या आमटीसकट काळ्या पिशवीत जातात आणि पिशवी घंटागाडीत. कसलं खत?

शिवाय दाजींनी प्रत्यक्षात जो गठ्ठा आणला तो बगॅसचा नव्हताच, चंदेरी ताटांचा होता. त्यातलं एक मी बादलीत रात्रभर भिजवलं. सकाळी पुठ्ठ्याचा लगदा झाला आणि वरचा चकचकीत पापुद्रा नखाने उचलताच अख्खा सोलून हातात आला, दुधावरची साय यावी तसा. हाच पापुद्रा उष्ट्याच्या वासाने गाय गिळते. चहाच्या कागदी कपातही आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतोच. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी 2020 साली दाखवलं की अशा कपात 100 मिलिलिटर गरम पेय 15 मिनिटं राहिलं तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरतात. आपण चहा पाच मिनिटांत संपवतो हे खरं, पण दिवसातून किती वेळा?

राज्य सरकारने 23 मार्च 2018 रोजी प्लॅस्टिक-थर्माकोलच्या ताट-वाट्या बंद केल्या, केंद्राने 1 जुलै 2022 पासून. थर्माकोल गेलं, त्याच्या पाटावर हे चंदेरी ताट येऊन बसलं.

कुणीतरी हळूच म्हणालं, “कुणाकुणाच्या उष्ट्या ताटात पाहुण्यांनी जेवायचं?” या वाक्यात स्वच्छता किती आणि जात किती, ते बोलणाऱ्यालाच ठाऊक. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीला पोचते तेव्हा परीट समाज तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या घालतो. धुतलेल्या कापडावरून देवाला चालवणाऱ्या मुलखाला धुतलेलं ताट चालू नये?

आता माझ्या बाजूच्या मंडळींना. बांबूचा ब्रश, स्टीलची स्ट्रॉ, छापील सुविचाराची कापडी पिशवी असं विकत घेत सुटणं म्हणजे पुनर्वापर नव्हे, ती नुसती खरेदी. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 साली हिशोब मांडला. साध्या सुती पिशवीने प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायची तर नुसत्या हवामानाच्या हिशोबात ती 52 वेळा वापरावी लागते. पर्यावरणाचे सगळे निकष धरले, तर 7,100 वेळा. माझ्या दारामागच्या खिळ्याला 14 पिशव्या लटकतायत, त्यांतल्या नऊ नॉन-वोव्हन, म्हणजे कापडाचं सोंग घेतलेलं प्लॅस्टिक. बाजाराला जाते ती एकच, आईने जुन्या पातळाची शिवलेली. आणि माळ्यावरची ती 101 ताटं? बारा वर्षांत दोनदा खाली उतरली. गोणीत बांधलेलं स्टील कुणाची पृथ्वी वाचवतं?

एवढं सगळं बोलून मी विजयी मुद्रेने बसलो. चुलती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “धुणार कोण?”

याचं खंडन माझ्यापाशी नाही. जुन्या पंगतीचे गोडवे गाणाऱ्यांत राखेत हात घातलेला माणूस मला अजून भेटायचाय. पुरुष आधी जेवून पान खात बसायचे, बायका मागून जेवायच्या आणि दिवेलागण होईतो घासत बसायच्या. टाकाऊ ताट आलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा सुट्टी मिळाली. ती सुट्टी काढून घ्यायचा अधिकार मला कुणी दिला? हंगामात कारखान्याच्या तळावर कोप्यांत राहणाऱ्या ऊसतोडणीच्या बाईला तर, जिथे पाण्याची आणि आडोशाची बोंब, तिथे धुऊन वापरायच्या कापडी पॅडचं व्याख्यान देणं हा शुद्ध आगाऊपणा.

म्हणून माझा पक्ष मी तिथूनच मांडतो. घासणं हे काम आहे, त्याची हजेरी खर्चाच्या यादीत लिहा. मंडप, बॅन्ड, ड्रोनचं शूटिंग यांना आकडे आहेत, भांड्यांपुढे शून्य, कारण ते घरच्या बायकांवर खपून जायचं. केरळने 2015 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत टाकाऊ ताट-ग्लास टाळून धुण्याची सोय आधी केली, मग लोकांना सांगितलं. इथे एखाद्या बचत गटाने पाचशे ताटं घ्यावीत, भाड्यात घासणावळ धरावी, अनामत ठेवावी, हरवलं तर दंड लावावा. गावकीच्या भांड्यांची पद्धत हीच होती, फक्त घासणावळीचा रकाना तिच्यात नव्हता.

साखरपुड्याला चुलतीने अट घातली: घासायला दोन बाया तसे दोन बाप्ये, आणि हजेरी चौघांना सारखी. अण्णा म्हणाले, बाप्याला जास्त असते. ती म्हणाली, खुरपायला असंल, इथं न्हाई. सारखीच दिली. दाजींच्या चंदेरी गठ्ठ्यापेक्षा खर्च थोडा वरच गेला, ते लपवत नाही.

संध्याकाळी ताटं मोजली. 299. दुसऱ्या दिवशी तीनशेवं सापडलं अण्णांच्या गोठ्यात. रफार नसलेलंच, कोंबड्या त्यात पाणी पीत होत्या.