चूक कबूल करा आणि निलंबित व्हा!

मंडळी, आज डोकं जरा तापलंय. सांभाळून घ्या.

३१ जानेवारी २०२१. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी गावात पल्स पोलिओच्या दिवशी पाच वर्षांखालच्या १२ मुलांना लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं दवाखान्यात भरती झाली, सुदैवाने वाचली. मग? तिघांच्या निलंबनाची घोषणा झाली, चॅनेलवाल्यांनी आरडाओरडा केला आणि आपण "बरं झालं, अद्दल घडली" म्हणून मोकळे! पण सॅनिटायझर लसीच्या जागी हातात आलंच कसं, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारलं?

आता दुसऱ्या कुठल्या तरी दवाखान्यातली नर्स डोळ्यांसमोर आणा. नाईट ड्युटी, चाळीस पेशंट, एकसारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या. चुकीचं इंजेक्शन गेलं, पण पेशंटला काही झालं नाही. ती हे रजिस्टरमध्ये लिहील? अहो, मी आटपाडीचा. आमच्याकडे कुणाचं काय बिनसलं ते संध्याकाळच्या आत एसटी स्टँडवर पोचतं. वर मेमो, चौकशी, नातेवाइकांचा राडा. कशाला लिहील ती?

त्यात कायदा बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलम १०६(१) प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद. उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून झालं तर दोन वर्षांपर्यंत. या सवलतीत नर्स नाही! म्हणजे लिहून देणाऱ्याला दोन, टोचणारीला पाच. आणि आपण विचारतो, "हे लोक लपवतात का?"

फॉर्म नाहीत असं नाही हं. औषधांचे दुष्परिणाम कळवायला २०१० पासून केंद्र सरकारचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. माहिती देणाऱ्यावर कायदेशीर परिणाम होणार नाही, असं त्या फॉर्मवरच छापलंय. पण शेजारच्या केबिनमधल्या साहेबांपासून तो फॉर्म वाचवणार आहे का?

अमेरिकेत वैमानिकांसाठी १९७६ साली एक साधी युक्ती केली. चूक कळवायची ती परवाना देणाऱ्या खात्याला नाही, तर नासाला. नासा नाव काढून टाकते. दहा दिवसांत कळवलं तर सहसा दंड किंवा परवान्याचं निलंबन माफ. जाणूनबुजून केलेल्या प्रकारांना आणि अपघातांना ही सूट नाही. म्हणजे "सगळ्यांना मोकळं सोडायचं का?" या प्रश्नाचं उत्तर तिथे पन्नास वर्षांपूर्वीच दिलंय. दारू पिऊन ड्युटीवर आलेल्याला जरूर घरी पाठवा. पण दमलेल्या नर्सला त्याच्याच रांगेत उभं करू नका.

आपल्या आयटीत सर्व्हर पडला तर निदान कागदोपत्री तरी "कुणी पाडला" याआधी "कसा पडला" विचारतात. तिथे फक्त वेबसाइट बंद असते राव. इथे माणूस जातो.

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. चुका कळवायची जागा दवाखान्याच्या वरिष्ठांच्या हाताबाहेर हवी, कळवणाऱ्याचं नाव गुप्त हवं आणि स्वतःहून कळवणाऱ्याला कायद्याने संरक्षण हवं. तोवर "आमच्याकडे चुका शून्य" असं सांगणाऱ्या हॉस्पिटलात मी तरी ॲडमिट होणार नाही. तुम्ही तुमचं बघा!