बिऱ्हाड हलवताना



दसरा झाला की बीड, अहिल्यानगर, जालना भागातल्या कोरडवाहू गावांतून ऊसतोडीची बिऱ्हाडे सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे निघतात. पाच-सहा महिने घराला कुलूप आणि संसार कोपीत. या जाण्यायेण्याचे भाडे पुष्कळदा मुकादमाच्या वहीत उचलीवर चढते. पट्टा पडेपर्यंत ते फिटले नाही, तर पुढच्या हंगामाची सुरुवात कर्जानेच होते. म्हणून निघण्याआधी थोडा हिशेब करा.

एकेकट्याने वाहन सांगू नका. साध्या ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त बैल नेता येत नाहीत, असा 1978 चा नियम आहे. म्हणजे एका ट्रकात तीन जोड्या. तेव्हा तीन गाडीवानांनी मिळून बैलांना एक ट्रक आणि सुट्या केलेल्या गाड्या व सामानाला दुसरे वाहन करावे. समजा दोन्हींचे भाडे 24,000 रुपये झाले, तर घरटी 8,000 पडतील. भाडे आधी ठरवा, वहीत काय लिहिले ते मुलाकडून वाचून घ्या आणि तसाच हिशेब आपल्या वहीतही ठेवा.

सामानावर माणसे बसवू नका. बायका-मुलांना एस.टी.ने पाठवा. मार्च 2023 पासून महिलांना एस.टी.त निम्मेच तिकीट आहे. चार पैसे जास्त गेले तरी जीव सुखरूप पोचतो.

धान्याची पोती वाहू नका. शिधापत्रिकेला आधार जोडलेले असेल, तर कारखान्याजवळच्या रेशन दुकानातही आपले धान्य मिळते. म्हातारी माणसे गावी राहणार असतील, तर काही धान्य इकडे व उरलेले तिकडे असेही उचलता येते. ओझे कमी झाले की वाहनात जागा होते.

आता बैलांचे. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी टोचून घ्या, कारण लस अंगी लागायला वेळ लागतो. तळावर शेकडो जनावरे एकत्र येतात. एक आजारी पडले की रोग पसरतो. ऐन हंगामात बैल बसला तर गाडी उभी, मजुरीही बुडाली. पशुवैद्यकाचा प्रवासयोग्यतेचा दाखला जवळ ठेवा. ट्रकात पाचट किंवा गवताचा जाड थर पसरा म्हणजे पाय घसरत नाहीत. बैलांची तोंडे इंजिनाकडे ठेवा, वाटेत पाणी पाजा, आणि एक जाणता माणूस त्यांच्याबरोबर असू द्या.

जवळचा पल्ला गाडी जुंपूनच करणार असाल, तर रात्री चालू नका. गाडीच्या मागे व दोन्ही बाजूंना लाल रिफ्लेक्टर लावा. त्याला फार पैसे पडत नाहीत, पण अंधारात मागून येणाऱ्या ट्रकला गाडी दिसते ती त्यामुळेच.

एक शेवटचे. मूल शाळेत असेल, तर त्याला बिऱ्हाडात बांधू नका. गावी कोणी सांभाळणारे असेल तर तिथेच ठेवा, नाहीतर ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या शासकीय वसतिगृहाची समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. भाड्याचा हिशेब पुढच्या वर्षी सुधारता येतो. मुलाचे बुडालेले वर्ष परत येत नाही.