पाण्यातले रसायन आणि आमची मुले



सुलतानपूरच्या लोकांना लोणारचे खारे सरोवर काही नवे नाही. 2020 च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा हा रंग असल्याचे सांगितले. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. विज्ञानाची रीत हीच आहे.

याच पाण्याची आणखी एक गोष्ट आमच्या घराघरात पोचावी असे आम्हाला वाटते. औषधे आणि रंग बनवताना उत्प्रेरक लागतो. सोयरीक जुळवणारा मध्यस्थ दोन्ही घरे जोडून स्वतः मोकळा राहतो, तसा हा पदार्थ असतो. परंतु अॅल्युमिनियम क्लोराइडसारखे जुने उत्प्रेरक पाणी लागताच निकामी होतात. म्हणून टोल्युइनसारख्या द्रावकात काम करावे लागते. त्याची वाफ कोणाच्या छातीत जाते? भट्टीपाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या.

1991 साली जपानचे रसायनशास्त्रज्ञ शू कोबायाशी यांनी दाखवले, की इटर्बियमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंचे काही क्षार पाण्यातही काम करतात, आणि काम झाल्यावर परत मिळवून पुन्हा वापरता येतात. हे धातू नावालाच दुर्मिळ. त्यांतला सिरियम जमिनीत जवळजवळ तांब्याइतका आहे. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूतही हे धातू सापडतात. सगळ्याच क्रिया पाण्यात होत नाहीत आणि वापरलेले पाणी शुद्ध करावेच लागते. म्हणूनच या कामाला अजून पुष्कळ नवी डोकी हवी आहेत.

ज्या पाण्याला हात लावण्यासाठी बाबासाहेबांना 1927 साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या पाण्यावर संशोधन करणारी मुले आमच्या वस्तीतून का निघू नयेत? भट्टीपाशी बाप उभा राहिला. भट्टीत काय असावे हे त्याच्या लेकीने ठरवावे.

पण नुसती हुशारी पुरत नाही. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांची मदतही गुरुजींमुळेच मिळाली. हात धरणारे माणूस असे असते.

आज वाटा आहेत. सुलतानपूरहून सिंदखेडराजामार्गे जालन्याला गेले, की मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे 2018 साली सुरू झालेले केंद्र आहे. परदेशी उच्च शिक्षणासाठी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनेला केंद्राच्या इन्स्पायर मानक योजनेतून 10,000 रुपये मिळतात. त्यासाठी नाव शाळेने पाठवावे लागते. आईबापांनो, शाळेत जाऊन विचारा, आमच्या मुलीचे नाव पाठवले का?

आणि शिकलेल्या बंधूंनो, दर रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक तास द्या. विहिरीचे, नळाचे आणि सरोवराचे पाणी तीन बाटल्यांत आणा, लिटमस कागद बुडवा, रंग का बदलला ते मुलांना विचारा. एकाने एकाच मुलाचा हात धरावा, पण बारावीनंतर तो सोडू नये. बारावीनंतर फी, वसतिगृह आणि इंग्रजी पुस्तके एकदम समोर येतात, आणि आमची मुले तिथेच विज्ञान सोडतात.

जय भीम! नमो बुद्धाय!