शके ७८२ की ९८२?

अंबरनाथचे शिवमंदिर इ. स. १०६० मधले, हे आपल्याकडे शाळकरी मूलही सांगते. पण हे साल ठरले कसे? त्याचे उत्तर मुंबईत, फोर्टमधल्या टाऊन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या जुन्या अंकांत आहे.

मंदिराच्या उत्तर दारावर झिजलेला शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला तेव्हा त्यांना शके ७८२ दिसले, म्हणजे इ. स. ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख पुन्हा तपासला आणि ९८२ वाचले. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली, गावोगावचे लेख उतरवून घेत तयार झालेले. एका अंकाने मंदिर दोनशे वर्षे अलीकडे आले आणि शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळाशी त्याचा मेळ बसला. गुरूचे वाचन आणि शिष्याची दुरुस्ती, दोन्ही सोसायटीच्याच नियतकालिकात छापली गेली. आजही कोणीही दोन्ही खंड शेजारी ठेवून पाहू शकतो. ग्रंथालयाचे खरे काम आमच्या मते हे आहे.

सोसायटीची सुरुवात १८०४ मध्ये जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने झाली. टाऊन हॉल पुरा झाला १८३३ मध्ये. भारतीयांना तिचे सदस्यत्व मिळायला मात्र १८४० उजाडले. माणकजी खरशेटजी हे पहिले. ते दार उघडले नसते तर भाऊ दाजी आणि भगवानलाल यांचे लेखन तिथे छापले गेले असते का, याची शंकाच आहे. तिथल्या खजिन्यात दांतेच्या महाकाव्याचे जुने हस्तलिखित आहे. मुसोलिनीने त्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले होते आणि सोसायटीने नकार दिला, असे सांगतात. १८८२ मध्ये भगवानलाल यांनी सोपाऱ्याच्या स्तूपातून काढलेले करंडकही तिथेच आहेत.

त्याच टाऊन हॉलमध्ये राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. देशात प्रकाशित झालेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत १९५४ च्या कायद्यानुसार ज्या चार ग्रंथालयांना पाठवावी लागते, त्यांतले हे एक. उरलेली तीन कोलकाता, चेन्नई आणि दिल्लीत.

पण कायदा प्रकाशकांसाठी आहे. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या आपल्या तीन शहरांचे बरेचसे कागद कोणा प्रकाशकाचे नाहीतच. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी १९४९ मध्ये नाव मिळालेले उल्हासनगर वसवले. त्या पिढीची पत्रे, वह्या, मासिके अरबी-सिंधी लिपीत आहेत आणि कित्येक घरांत नातवंडांना ती लिपी वाचता येत नाही. माळ्यावरची पेटी आवरताना त्या वह्या रद्दीत जातात. अंबरनाथच्या कारखान्यांची गृहपत्रिका, कामगार संघटनांची पत्रके, मंडळांच्या स्मरणिका यांचीही तीच गत.

जवळपास वाट दाखवणारे आहेत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. बदलापुरात तर श्याम जोशी यांनी ‘ग्रंथसखा’ या वाचनालयात दुर्मीळ मराठी पुस्तके आणि नियतकालिके अपार कष्टाने जमवली. सरकारी हुकुमाची वाट त्यांनी पाहिली नाही. एशियाटिकनेही ‘ग्रंथसंजीवनी’ या उपक्रमातून जुने ग्रंथ संगणकावर आणले आहेत.

तिन्ही शहरांच्या पालिकांनी आपापल्या वाचनालयात एक कोरडी, वाळवीपासून सुरक्षित खोली स्थानिक कागदपत्रांसाठी राखावी, अशी आमची मागणी आहे. तिथे एक स्कॅनर आणि अरबी-सिंधी वाचणारा एक जाणकार हवा. त्या लिपीत लिहिता-वाचता येणारे आजी-आजोबा उल्हासनगरच्या कॅम्पांत आज आहेत. कामाला त्यांच्यापासून सुरुवात करावी, आणि याच वर्षी करावी.