वेग सांगितला, चुका किती?

संघ लोकसेवा आयोगाने १४ सप्टेंबर २०२५ रोजी एनडीए व सीडीएस परीक्षांच्या वेळी गुरुग्राममधील निवडक केंद्रांवर चेहरा-पडताळणीचा प्रयोग केला. प्रत्येकाला आठ ते दहा सेकंद लागले, ९४० उमेदवारांचे विविध सत्रांत मिळून सुमारे १,१२९ स्कॅन झाले, असे अभिमानाने जाहीर झाले. किती खऱ्या उमेदवारांना यंत्राने आधी नाकारले, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने असा अहवाल आणला, तर मार्गदर्शक तो वाचण्याआधीच परत करतील. त्रुटी न सांगितलेले मापन ही जाहिरात असते.

यंत्र चेहरा ओळखत नाही. ते दोन छायाचित्रांतील साम्याला गुण देते. गुण ठरावीक उंबरठ्याच्या वर गेले की ‘तीच व्यक्ती’, खाली राहिले की ‘दुसरी’. उंबरठा चढवला की तोतयांबरोबर खरेही अडतात. उतरवला की दोघेही आत येतात. तो कुठे ठेवायचा, हा धोरणाचा प्रश्न आहे, आणि तो सॉफ्टवेअरच्या आड लपवला जातो. २०२४ च्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेला ५,८३,२१३ जण बसले होते. हजारात एकच खरा उमेदवार अडेल असे धरले, तरी ५८३ जण दाराबाहेर राहतील. वर्षभराचा अभ्यास आणि हातात प्रवेशपत्र घेऊन. अमेरिकेतील एनआयएसटी संस्थेच्या २०१९ च्या चाचण्यांत तर उलट प्रकारची चूकही दिसली: अनेक प्रणाली दोन भिन्न दक्षिण आशियाई व्यक्तींना एकच समजण्याची चूक पूर्व युरोपीयांच्या तुलनेत अधिक करत होत्या. तोतयाला याहून काय हवे?

शिवाय तुलना होते ती अर्जातील छायाचित्राशी. दुसऱ्याच्या जागी बसणारा याने अडेल, हे मान्य. परंतु दोन चेहऱ्यांचे बेमालूम मिश्रण अर्जालाच चिकटवले, तर यंत्र दोघांनाही ‘तोच’ म्हणू शकते. संशोधकांनी हे दशकभरापूर्वीच दाखवले आहे. नीटच्या सूचनांतील ऐंशी टक्के चेहरा, दिसणारे कान, पांढरी पार्श्वभूमी या अटी यंत्राची सोय पाहतात, छायाचित्राचा खरेपणा नव्हे.

पूजा खेडकर प्रकरण आठवावे. नाव, आईवडिलांची नावे, छायाचित्र व सही बदलून मर्यादेपेक्षा अधिक वेळा परीक्षा दिल्याचा ठपका ठेवत आयोगाने २०२४ मध्ये त्यांची उमेदवारी रद्द केली. त्यांनी आरोप नाकारले. आरोप खरा मानला, तरी अर्जातली आणि दारातली व्यक्ती एकच! गुरुग्रामचे यंत्र तिला हसतमुखाने आत सोडील. असा प्रकार पकडायचा तर प्रत्येक चेहरा जुन्या सर्व अर्जांशी ताडावा लागेल, आणि ते गणित वेगळे आहे. दहा लाख तुलनांत एकच चूक करणारे उत्तम यंत्रही एक कोटी छायाचित्रांत सरासरी दहा निरपराधांकडे बोट दाखवील.

त्याच गुरुग्राम जिल्ह्यात, मानेसरला, आधारचे विदाकेंद्र आहे. आधारसाठी छायाचित्र केंद्रचालक समोर बसवून काढतो. अर्जासाठी उमेदवार ते स्वतः चढवतो. हा फरक कोणत्याही अल्गोरिदमपेक्षा मोठा आहे, आणि चर्चेत त्याला सर्वांत कमी जागा मिळते.

देशभर यंत्रे बसवण्यापूर्वी आयोगाने उंबरठा, खऱ्या उमेदवारांच्या नकाराचे प्रमाण आणि चाचणीची पद्धत प्रसिद्ध करावी. यंत्राने नकार दिल्यास कोणता अधिकारी, किती मिनिटांत, कोणती कागदपत्रे पाहून निर्णय देईल, हे प्रवेशपत्रावरच छापावे.