विश्लेषण : नकाशात लांब, पायी जवळ!

गणेशोत्सवात बोरिवलीहून लालबागला निघालेला नवखा प्रवासी मोबाइलवर रेल्वेचा नकाशा उघडतो. लालबाग नावाचे स्थानकच नाही. जवळची करी रोड आणि चिंचपोकळी मध्य रेल्वेवर. म्हणून तो दादरला उतरतो, गर्दीत पूल चढतो आणि दुसरी लोकल पकडतो. खरे तर पश्चिम रेल्वेच्या लोअर परळला उतरून तो करी रोडला चालत पोहोचला असता. नकाशात मात्र ही स्थानके दोन वेगळ्या रेषांवर, एकमेकांशी संबंध नसल्यासारखी दिसतात.

नकाशा खरे अंतर का दाखवत नाही?

लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेक यांनी आखलेला नकाशा १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. उभ्या, आडव्या, तिरक्या सरळ रेषा आणि स्थानकांमध्ये जवळपास सारखे अंतर. प्रवाशाला कुठे उतरायचे आणि गाडी कुठे बदलायची एवढेच कळायला हवे, हा त्यामागचा विचार. तो आजही योग्यच आहे. चर्चगेट ते डहाणू मार्ग प्रमाणात काढला तर मोबाइलच्या पडद्यावर दक्षिण मुंबईतली स्थानके एकमेकांवर चढतील.

मग चुकते कुठे?

गाडीतून उतरल्यावर. न्यूयॉर्कच्या १९७२च्या सुटसुटीत नकाशात लांबट सेंट्रल पार्क चौकोनी झाले. वरच्या रस्त्यांशी मेळ बसत नसल्याची टीका झाली आणि १९७९ मध्ये तो बदलला गेला. मुंबईत तर चालणे हा प्रवासाचाच भाग. परळ आणि प्रभादेवी यांची नावे वेगळी, रेल्वे वेगळी. पण मध्ये फक्त पादचारी पूल. तिथल्याच पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. नकाशावरच्या दोन रेषांमधली कोरी जागा प्रत्यक्षात किती गजबजलेली असते, हे त्या दिवशी दिसले.

मेट्रो ३ मुळे हा प्रश्न वाढला आहे. मेट्रोचे ‘दादर’ रेल्वेच्या दादरला लागून नाही. नाव एकच असले तरी रस्त्याने चालावे लागते. उलट, गिरगाव मेट्रो आणि चर्नी रोड ही नावे वेगळी, पण अंतर चालण्याजोगे.

उपाय काय?

रेषा खुशाल सरळ कराव्यात, अंतरे आखडावीत. मात्र चालत जाण्याचा प्रत्येक दुवा तुटक रेषेने दाखवून त्यावर मिनिटे लिहावीत. रेल्वे आणि मेट्रोने एकच नकाशा काढला, तर एकट्या दादरच्या पुलावर येणारा थोडा तरी भार हलका होईल.