आत्याचा आजार आणि भाचीचे आरोग्य

बंगळूरनजीकच्या हेब्बाळ येथे १९६४ मध्ये कृषिविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. अशा संस्थांत पिकाचे नवे वाण तयार करताना त्याची मातृ-पितृपरंपरा वहीत काटेकोरपणे नोंदली जाते. वाचकहो, बियाण्याच्या वंशाविषयी घेतली जाणारी ही दक्षता आपण आपल्या कुळातील आजारांविषयी घेतो काय?

आजी पोटात पाणी होऊन गेली, पुढे आत्याला स्तनाचा कर्करोग झाला. या दोन घटनांचा काही संबंध असेल असे घरात कोणाच्या मनातही येत नाही. परंतु तो असू शकतो. काही कुळांतील स्तनाच्या कर्करोगाचे मूळ सतराव्या गुणसूत्रावर आहे, असे अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग या विदुषीने १९९० मध्ये दाखवून दिले. तेथील 'बीआरसीए-१' हे जनुक १९९४ मध्ये, तर तेराव्या गुणसूत्रावरील 'बीआरसीए-२' १९९५ मध्ये हाती लागले. पेशीतील तुटलेले डीएनए सांधण्यास ही जनुके साहाय्य करतात. त्यांपैकी एकात दोष असला म्हणजे स्तन व अंडाशय या दोन्ही ठिकाणी कर्करोगाचा धोका वाढतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार, असा दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे सत्तर जणींना ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव असतो. याचप्रमाणे 'लिंच सिंड्रोम' नामक निराळ्या दोषामुळे गर्भाशयाच्या अस्तराचा आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग एकाच कुळात आढळतो.

मात्र घाबरून जाण्याचे कारण नाही. स्तनाच्या शंभर कर्करोगांपैकी अवघे पाच ते दहा आनुवंशिक असतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग तर प्रामुख्याने एका विषाणूमुळे होतो.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. हा दोष केवळ आईकडूनच येतो असे नाही. तो वडिलांकडूनही येतो, आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याचा संभव निम्मा असतो. म्हणून मावशीइतकेच आत्याच्या आजारालाही महत्त्व आहे.

मुलीचे लग्न जमणार नाही, या भयाने पुष्कळ घरांतून असे आजार लपविले जातात. या मौनाची किंमत पुढे त्याच मुलीला मोजावी लागते. अंडाशयाचा कर्करोग आरंभीच ओळखणारी खात्रीची चाचणी नाही. परंतु धोका आधी कळला, तर स्तनांची तपासणी लवकर सुरू करता येते, आणि अपत्ये झाल्यावर वैद्यकीय सल्ल्याने अंडाशय व बीजवाहिन्या काढून संकट बरेच टाळता येते.

तेव्हा आजच एक वही घ्या. दोन्ही कुळांत कोणास, कोणत्या अवयवाचा व कितव्या वर्षी कर्करोग झाला, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवा. पन्नाशीच्या आतील, तसेच स्तन व अंडाशय या दोहोंचे आजार असल्यास ती वही डॉक्टरांना दाखवा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आनुवंशिक कर्करोगाविषयी सल्ला मिळतो. शक्य तेथे तपासणी प्रथम रोग झालेल्या व्यक्तीची करतात. तिच्यात दोष आढळला, तर मग इतरांची. लेकीसुनांना दागिने देताना आपण हात आखडता घेत नाही; त्यांच्या आयुष्याला उपयोगी पडणारी ही माहिती देताना तरी तो का आखडावा?